‘दुखलं नाही तर?’ : प्राथमिक शाळेतील एका बालसुरक्षा सत्रानंतरचे प्रकरण

मुलीची ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातील गाव, तालुका, काळ आणि माणसांची परस्पर नाती बदलली आहेत. अत्याचाराचे वर्णन मुद्दाम टाळले आहे, कारण शिक्षकांनी काय केले आणि काय करायला हवे होते हे समजून घेण्यासाठी त्याची गरज नाही.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. पहिली ते पाचवीचे वर्ग, सत्तरच्या आसपास पट आणि तीन शिक्षक. मुख्याध्यापकपदाचा प्रभार ज्येष्ठ शिक्षकाकडे होता आणि तिसरी-चौथीचे जोडवर्ग एका शिक्षिकेकडे होते. बहुतेक पालक शेतमजूर किंवा साखर कारखान्याच्या वाहतुकीवर काम करणारे. शाळा पाच वाजता सुटते आणि हंगामात आया रानातून घरी येईपर्यंत दिवेलागण होते, त्यामुळे मधला दीड-दोन तासांचा काळ मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर असतात.

तिसरीतल्या एका मुलीच्या घराची किल्ली शेजारच्या किराणा दुकानात ठेवलेली असे. दुकानदाराला ती ‘तात्या’ म्हणे. शाळा सुटल्यावर तिने किल्ली घ्यायची, दप्तर ठेवायचे आणि आई येईपर्यंत दुकानात किंवा त्याच्या मागच्या खोलीत टीव्ही पाहत बसायचे, ही व्यवस्था आईनेच विश्वासाने लावून दिली होती. हा दुकानदार शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा चुलत भाऊ होता, आणि या नात्यामुळे पुढचे अनेक निर्णय अवघड झाले.

शाळेत झालेला कार्यक्रम

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराची घटना उघडकीस आली आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि शाळेतले वातावरण सुरक्षित राखण्यासाठीची सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना पुन्हा बजावण्यात आले. सखी सावित्री समित्यांचा मूळ निर्णय १० मार्च २०२२ चा आहे, परंतु अनेक शाळांत ती समिती तोवर फलकावरील नावांपुरतीच होती. या शाळेतही घाईने तक्रारपेटी बसवली गेली. ती मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर होती, तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असे आणि वर्षभरात तिच्यातून जी एकमेव चिठ्ठी निघाली ती खिचडीत मीठ कमी असल्याबद्दल होती. सलग दोन वाक्ये लिहिताना अडखळणारे तिसरीचे मूल पेटीत चिठ्ठी टाकून मदत मागेल, अशी अपेक्षा कोणी केली असेल असे वाटत नाही. पेटी बसवल्याचा फोटो मात्र वेळेत वर गेला.

शालेय वर्षाच्या उत्तरार्धात तालुक्याहून आलेल्या पथकाने ‘गुड टच, बॅड टच’ या विषयावर पाऊण तासाचे सत्र घेतले. पाचही वर्गांना एकाच खोलीत बसवले होते. चित्रफीत, एक गाणे आणि ‘नाही म्हणा, पळा, सांगा’ ही त्रिसूत्री असे त्याचे स्वरूप होते. चित्रफितीत वाईट माणूस अनोळखी होता, तो खाऊ दाखवून मुलीला बोलावत होता, आणि वाईट स्पर्श म्हणजे ज्याने दुखते, भीती वाटते आणि रडू येते असा स्पर्श, असे मुलांना सांगितले गेले. शिक्षक मागच्या बाजूला बसून पोषण आहाराची ऑनलाइन माहिती भरत होते. त्यांना सत्राआधी काही सांगितले नव्हते आणि सत्रानंतर काय करायचे हेही सांगितले नव्हते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा त्यांचा विश्वास असलेले होते. हा अहवाल येऊन इतकी वर्षे उलटल्यावरही सत्रांतला खलनायक अनोळखीच राहतो, याचे एक कारण मला असे दिसते की काका, मामा, शेजारी किंवा सर यांच्याविषयी मुलांसमोर बोलणे मोठ्यांनाच अवघड जाते.

प्रसंग

सत्रानंतर आठवडाभराने, मधली सुट्टी संपता संपता, ही मुलगी वह्यांचा गठ्ठा लावायला शिक्षिकेच्या टेबलाजवळ थांबली. वह्या लावून झाल्या तरी ती तिथून हलेना. मग तिने विचारले, “बाई, दुखलं नाही तर ते वाईट नसतं ना?”

शिक्षिकेने हातातला पेन खाली ठेवला आणि खुर्ची थोडी मागे घेऊन तिच्या उंचीला येईल अशी बसली. वर्गातली मुले अजून अंगणात होती. “मला सांग, मी ऐकतेय,” एवढेच ती म्हणाली. मुलीने तीन-चार तुटक वाक्यांत दुकानाच्या मागच्या खोलीविषयी सांगितले. शिक्षिकेने मोजकेच प्रश्न विचारले: कोण, कुठे, आणि आज शाळा सुटल्यावर तिथे जायचे आहे का. किती वेळा झाले, कधीपासून होते, तू ओरडली का नाहीस, आईला का सांगितले नाहीस, यांपैकी काहीही तिने विचारले नाही. मुलगी म्हणाली, “आईला सांगू नका, ती रागावंल.” त्यावर शिक्षिकेने कोणाला सांगणार नाही असे वचन दिले नाही. तिने सांगितले, “तुझी यात काही चूक नाही. तुला सांभाळायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच मी सांगणार आहे.”

हे संभाषण पाच मिनिटांचेही नव्हते, पण संपूर्ण प्रकरणाचा पाया तिथेच घातला गेला. मुलाने सांगितल्यावर सहृदय शिक्षकाच्या तोंडून सहज निघणारी वाक्ये दोन असतात. एक, “खरंच?” आणि दुसरे, “कुणाला सांगणार नाही हं मी.” पहिल्याने मूल गप्प होते, आणि दुसरे वचन कायद्याने पाळता येत नाही, म्हणजे तासाभरात मुलाचा विश्वासघात होतो. या शिक्षिकेला हे एका जुन्या प्रशिक्षणातून ठाऊक होते. पथकाच्या सत्रातून नव्हे.

मुले वर्गात आल्यावर तिने चौथीला गणिते घातली आणि मुलीची वाक्ये तिच्याच शब्दांत, बोलीत होती तशी, एका कागदावर उतरवून खाली तारीख, वेळ आणि सही केली. मग ती मुख्याध्यापकांकडे गेली. तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि शाळा पाचला सुटणार होती.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, आणि त्यांची पहिली प्रतिक्रिया बहुतेक शाळांत जी असते तीच होती: आपण एकट्याने निर्णय घ्यायचा नाही. त्यांनी एकामागून एक पर्याय मांडले.

पहिला पर्याय केंद्रप्रमुखांना फोन करून ‘वरून’ मार्गदर्शन घेण्याचा होता. दुसरा सखी सावित्री समितीची तातडीची बैठक बोलावण्याचा. शिक्षिकेने लक्षात आणून दिले की या समितीत शाळा व्यवस्थापन समितीचे पदाधिकारी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका अशी गावातलीच माणसे असतात, आणि इथे ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या भावालाच बोलावणे पाठवावे लागेल. बैठक भरेपर्यंत दुकानदाराला सारे कळलेले असेल. समितीचे काम वातावरण सुरक्षित राखण्याचे आहे. गुन्ह्याची चौकशी करण्याचे नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण समित्या कागदावर वाढत गेल्या की तक्रार आधी त्यांच्यापुढेच जायला हवी असा समज पसरतो.

तिसरा पर्याय दुकानदाराला शाळेत बोलावून समोरासमोर विचारण्याचा होता. गावात भांडणतंटा मिटवण्याची हीच रीत असल्याने तो मुख्याध्यापकांना न्याय्य वाटत होता. आठ वर्षांच्या मुलीला त्या माणसासमोर उभे करणे म्हणजे तिने सांगितलेले तिच्याकडूनच मागे घ्यायला लावणे, हे शिक्षिकेने ठामपणे सांगितले. चौथा पर्याय काही दिवस लक्ष ठेवण्याचा होता, म्हणजे खात्री झाल्याशिवाय एखाद्याचे नाव बदनाम होणार नाही. पण पाच वाजता मुलगी किल्ली घ्यायला त्याच दुकानात जाणार होती, तेव्हा थांबणे याचा अर्थ तिला पुन्हा तिथे पाठवणे असाच होत होता.

शेवटी प्रश्न उरला तो आईवडिलांचा. त्यांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी का? इथे शिक्षिकाही घुटमळली. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायची असते. त्यासाठी पुरावा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही, पालकांची किंवा शिक्षणाधिकाऱ्यांचीसुद्धा नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण दिलेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले होते. मुख्याध्यापकांना यातले ‘सहा महिने’ तेवढे ऐकून माहीत होते आणि ते त्यांना घाबरवत होते. सद्भावनेच्या संरक्षणाबद्दल मात्र त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. प्रशिक्षणात आपण शिक्षकांना शिक्षेचे कलम आधी आणि संरक्षणाचे नंतर, किंवा कधीच नाही, असे सांगतो. त्यामुळे काही काळ ते आपण यातून सुटू कसे याचाच विचार करत राहिले.

चर्चेत तीन वाजत आले.

त्या दुपारी केलेली कार्यवाही

ठरले ते असे: पोलिसांना कळवायचे, आईला बोलावून सांगायचे पण तिची परवानगी मागायची नाही, आणि दोन्ही गोष्टी शाळा सुटण्याआधी करायच्या. मुख्याध्यापकांनी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर आणि पाठोपाठ तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोन केला. लेखी निवेदन शिक्षिकेने लिहिले आणि त्याखाली दोघांनी सह्या केल्या. त्यात मुलीने सांगितलेली वाक्ये होती तशीच घातली. त्यांचा अर्थ लावला नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहिती दिली ती पोलिसांना कळवून झाल्यावर.

आईला रानातून बोलावण्यासाठी अंगणवाडी सेविकेला पाठवले. सेविकेला खरे कारण सांगितले नाही, मुलीला ताप आहे एवढेच म्हटले. हा निर्णय मला आजही खटकतो. गाव तोंडावर असताना दुसरे काय सांगता आले असते हा प्रश्न आहेच, पण आई धावत, अर्ध्या वाटेत रडत आली आणि नंतर तिने शाळेला पहिला दोष दिला तो याच खोटेपणाचा. “शाळेत काम आहे, पोरगी ठीक आहे” एवढ्याने भागले असते.

आईला शिक्षिकेने एकटीने, बंद खोलीत सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, आम्हाला त्याच गल्लीत ऱ्हायचंय.” तिला मुलीवर अविश्वास नव्हता, तिला उद्याची चिंता होती. तक्रार झालेली आहे, ती शाळेने केली आहे, तुमच्या नावावर नाही, हे कळल्यावर तिचा ताण थोडा सैलावल्याचे शिक्षिका सांगते. कायद्याने कळवण्याचे कर्तव्य सर्वांवर टाकल्याचा हा एक उपयोग फारसा बोलला जात नाही: गावात ज्याला राहायचे आहे त्याच्या माथ्यावरचे ओझे शाळेसारखी संस्था आपल्याकडे घेऊ शकते.

साडेचारच्या सुमारास महिला पोलीस उपनिरीक्षक साध्या वेशात, खाजगी गाडीतून आल्या. साध्या वेशाची तरतूद कायद्यातच आहे, तरी ती पाळली जाईल याची खात्री नसल्याने मुख्याध्यापकांनी फोनवर तशी विनंती केली होती. मुलीचा जबाब शाळेत न घेता, तिला जिथे राहायचे होते त्या मावशीच्या घरी, आईच्या उपस्थितीत घेतला गेला. गुन्हा त्याच रात्री दाखल झाला. मुलीचे वय बारा वर्षांखाली असल्याने कायद्याच्या दृष्टीने तो गुरुतर, म्हणजे अधिक गंभीर, स्वरूपाचा होता. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवण्यात आले आणि समितीने मुलीसाठी तपासात आणि खटल्यात तिच्या सोबत राहणारी एक साहाय्यक व्यक्ती नेमली.

एक गोष्ट मात्र हातातून निसटली. दुपारी शाळेत काय चालले आहे याचा अंदाज आल्याने पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी मुलीला स्वयंपाकघरात बोलावून मायेने सारे विचारून घेतले. वाईट हेतू नव्हता, पण मुलीला तेच एका दुपारी दुसऱ्यांदा सांगावे लागले, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चार घरांत गेली. शिक्षिका निवेदन लिहीत असताना मुलीजवळ कोणी बसायचे हे ठरवलेच नव्हते.

पुढच्या काही महिन्यांत

दुसऱ्या दिवशी पटापेक्षा बरीच कमी मुले शाळेत आली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलीचे नाव कोणी लिहिले नाही, परंतु ‘तिसरीतली’ असे लिहिले गेले, आणि तिसरीत मुली होत्या नऊ. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित बालकाची ओळख कोणत्याही संपर्कमाध्यमातून उघड करता येत नाही, ही गोष्ट ग्रुपचालकाला पोलिसांनी समजावल्यावर तो मजकूर काढला गेला. तोवर उपयोग संपला होता.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शिक्षिकेच्या बदलीची मागणी झाली. “मुलांना नको ते शिकवता, मग मुलं नको ते बोलतात,” असे एका सदस्याने म्हटले. मुख्याध्यापकांनी या बैठकीत जी भूमिका घेतली ती त्यांच्या त्या दुपारच्या घुटमळीपेक्षा फार वेगळी होती. कळवण्याचा निर्णय शाळेचा आहे, सही माझी आहे, बदली मागायची तर माझी मागा, असे ते म्हणाले. अध्यक्ष त्या बैठकीला आले नाहीत आणि पुढे त्यांनी पद सोडले. बदली झाली नाही.

मुलगी दोन आठवडे मावशीकडे राहून शाळेत परतली. वर्गात तिची जागा बदलू नये, तिला वेगळे काम देऊ नये, विशेष लाडही करू नयेत, हे तिघा शिक्षकांनी आधी बोलून ठेवले होते. तिसरे शिक्षक तरुण होते आणि त्यांनी विचारलेला प्रश्न नोंदवण्याजोगा आहे: पडलेल्या मुलाला उचलायचे की नाही, पहिलीच्या रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यायचे की नाही? अशा घटनेनंतर पुरुष शिक्षक मुलांपासून हातभर लांब राहू लागतात. त्यांना कोणी स्पष्ट उत्तर दिले नाही तर त्याची किंमत लहान मुले मोजतात. या शाळेत ठरले की जवळ घ्यायचे, पण उघड्यावर, मुलाला हवे असेल तर आणि हवे तेवढाच वेळ.

खटला विशेष न्यायालयात सुरू आहे. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष व्हावी असे कलम ३५ सांगते. इथे त्याला कितीतरी अधिक काळ लागला. शिक्षिकेच्या उलटतपासणीत बचाव पक्षाचा सारा भर एका मुद्द्यावर होता, की मुलीने जे सांगितले ते शाळेतल्या सत्रातून तिच्या डोक्यात भरवले गेले. शिक्षिकेने त्या दुपारी लिहिलेला कागद इथे उपयोगी पडला, कारण त्यात मुलीचा मूळ प्रश्न होता, आणि तो प्रश्न सत्रात शिकवलेल्या व्याख्येला छेद देणारा होता. सत्राने दुखते ते वाईट असे सांगितले होते; मुलगी विचारत होती ते न दुखणाऱ्या स्पर्शाविषयी. सत्रात नेमके काय दाखवले याची नोंद मात्र शाळेकडे नव्हती, फोटोच तेवढे होते. चित्रफीत मिळवायला पथकामागे अनेक फोन करावे लागले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी सत्राचा आशय. वाईट स्पर्शाची ओळख वेदनेवरून करून दिल्यामुळे या मुलीला स्वतःचा अनुभव त्या चौकटीत बसवता येईना आणि तिचा आठवडा संभ्रमात गेला. लहान मुलांवर होणारे अत्याचार अनेकदा गोडीगुलाबीने, खाऊ आणि खेळाच्या आडून होतात. त्यात वेदना असतेच असे नाही. शरीराचे खाजगी भाग कोणते, त्यांना स्वच्छतेसाठी किंवा उपचारासाठी कोण आणि कोणासमोर हात लावू शकते, आणि स्पर्श गुपित ठेवायला सांगितला तर तो मोठ्या माणसाला सांगायचाच, हा नियम मुलांना पेलतो. त्यात माणूस ओळखीचा की अनोळखी हे पाहावे लागत नाही. शिवाय ‘नाही म्हणा, पळा’ या सूचनेचा दुसरा अर्थ मुले असा घेतात की मी नाही म्हटले नाही, पळाले नाही, म्हणजे चूक माझी. ही मुलगी आई रागावेल असे म्हणाली त्यामागे हेच असावे.

दुसरे म्हणजे सत्र कोणी घ्यायचे. बाहेरचे पथक येऊन जाते. मूल सांगते ते रोजच्या बाईंना किंवा सरांना, आणि तेही सत्रात नव्हे, तर वह्या लावताना, रांगेत, सहलीच्या गाडीत. म्हणून वर्गशिक्षकाने स्वतः, आपल्या वर्गापुरते, वर्षात अनेकदा थोडेथोडे बोलणे अधिक उपयोगाचे, आणि पथकाने आपला वेळ मुलांपेक्षा शिक्षकांना द्यावा. तो देताना कलमांच्या आधी वाक्यांचा सराव घ्यावा. मूल बोलले तर पहिले वाक्य काय, दुसरे काय, हे जोडीजोडीने मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय ऐन वेळी तोंडातून येत नाही.

तिसरे, सव्वादोन ते तीन हा गेलेला वेळ. कोणाला फोन, कोणाचा क्रमांक, मुलाजवळ कोण बसणार, पालकांना काय सांगून बोलवायचे, आरोप समितीतल्याच माणसाच्या नातेवाइकावर असेल तर काय, हे एका कागदावर आधी लिहिलेले असते तर मुख्याध्यापकांना त्या दुपारी धैर्य गोळा करत बसावे लागले नसते.

या वर्षी शाळेने ही सत्रे शालेय वर्षाच्या पूर्वार्धातच, वर्गनिहाय घेतली, आशय टाचणवहीत नोंदवला आणि आयांची बैठक संध्याकाळी सातला, काम संपल्यावर, ठेवली. आधीच्या बैठका दुपारी होत आणि त्यांना मोजून सहा-सात जणी येत. पाच ते सात या वेळेत मुलांना शाळेच्याच आवारात बसण्याची सोय करावी, असा ठराव ग्रामपंचायतीकडे दिला आहे. मानधन कोण देणार आणि दिवाबत्तीचे बिल कोण भरणार यावर तो अडला आहे, आणि सध्या अंगणवाडी सेविका व दोन आया आळीपाळीने मुलांना ओट्यावर बसवतात.